शिकागो ते न्यू जर्सी: वाटेवरचा चांगला हॉट डॉग कसा ओळखायचा

प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये शिकागोहून न्यू जर्सीला गाडीनं जायचं आहे, चार-पाच दिवस हाताशी आहेत आणि वाटेत खरोखर चांगले हॉट डॉग खायचे आहेत. बरोबरचा एक जण गोमांस खात नाही, आई शाकाहारी आहेत. कुठे थांबावं?

ठिकाणं पुढे येतीलच. त्याआधी शोधायची पद्धत सांगतो, कारण यादीतलं दुकान सोमवारी बंद निघालं की यादी संपते. पद्धत एवढीच: आधी दुकान शोधू नका, त्या गावात सॉसेज कुणाचं चालतं ते शोधा. कोल्हापूर, पुणे आणि नाशिकची मिसळ जशी वेगवेगळी, तसा अमेरिकेत शहरागणिक हॉट डॉग बदलतो. मात्र इथे फरक आचाऱ्याच्या हातापेक्षा स्थानिक सॉसेज कारखाना, स्थानिक बेकरी आणि स्थानिक सॉस या तिघांमुळे पडतो. शिकागोत व्हिएन्ना बीफ, डेट्रॉइटकडे डिअरबॉर्न, फ्लिंटमध्ये कोगल्स, बफेलोत साहलेन्स, रॉचेस्टरमध्ये झ्वाइगल्स, न्यू जर्सीत थूमन्स, न्यूयॉर्कच्या गाड्यांवर सॅब्रेट. गावातल्या मालाचं नाव ठाऊक असलं की अनोळखी टपरीवरही काय मिळणार याचा अंदाज येतो. देशभर सगळीकडे मिळणारं सॉसेज वापरणारं दुकान कितीही गाजलेलं असो, त्यासाठी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही.

काउंटरवर विचारायचा पहिला प्रश्न: "नॅचरल केसिंग आहे का?" म्हणजे सॉसेजचं आवरण मेंढीच्या आतड्याचं आहे का. तसं असेल तर चावताना साल आधी किंचित अडते, मग टच्च करून तुटते आणि रस बाहेर येतो. 'स्किनलेस' सॉसेज सेल्युलोजच्या नळीत शिजवून नळी सोलून काढतात. त्याचा चावा एकसारखा मऊ असतो. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे केलेले फ्रँक (हॉट डॉगचं सॉसेज) बहुधा याच प्रकारचे असतात, कारण कोशर नियमांत बसणारं आतड्याचं आवरण महाग पडतं. स्किनलेस म्हणजे वाईट असं नाही, पण ते कोळशावर किंवा तव्यावर करपवलेलं चांगलं. नुसत्या गरम पाण्यातलं स्किनलेस सॉसेज म्हणजे मऊ पावात मऊ मांस, एवढंच. शिकागोतल्या दुकानावर व्हिएन्ना बीफची पाटी दिसली तरी हा प्रश्न विचाराच, कारण तो कारखाना दोन्ही प्रकार विकतो.

दुसरा प्रश्न आकाराचा. धंद्यात हा आकार 'एट टू वन', 'टेन टू वन' असा सांगतात, म्हणजे एका पौंडात किती नग बसतात. एट टू वन म्हणजे नगाला सुमारे ५७ ग्रॅम, टेन टू वन म्हणजे ४५, सिक्स टू वन म्हणजे ७६. पातळ नगात मांसाच्या तुलनेत सालीचं प्रमाण जास्त, म्हणून टच्च जास्त. पाव पौंडाच्या आसपासचा 'जंबो' घेतलात तर ब्रेड, मोहरीचा सॉस, कांदा सगळं मांसाखाली दबतं. दिवसाला दोन-तीन ठिकाणं करायची असतील तर नेहमीचा लहान नगच घ्या, फ्राइज एकच आणि तेही वाटून.

मग नजर शिजवण्यावर. फ्रँक कारखान्यातून धूर देऊन, शिजवूनच येतो. दुकानदाराला तो फक्त नीट गरम करायचा असतो आणि बिघडतो तोही तिथेच. पाण्यात ठेवायचा असेल तर पाणी ७५ ते ८५ अंश सेल्सियसला, वाफ निघेल पण बुडबुडे खळखळणार नाहीत असं हवं. खळखळत्या पाण्यात साल फुटते, आतली चरबी सुटते आणि मीठ-मसाला पाण्यात उतरतो. भांड्यातलं पाणी गढूळ, वर तेलाचा जाड तवंग आणि सॉसेज फिकट, फुगलेली दिसली तर ती तासन्‌तास त्यात पडून आहेत असं समजा. तव्यावरची सॉसेज सुरकुतलेली आणि कडेला रांगेत ढकलून ठेवलेली असतील, तर ती सकाळची आहेत. पेट्रोल पंपावरच्या फिरत्या रुळांवरच्या सॉसेजकडे पाहूच नका. दिवसभर फिरून चरबी गळालेली असते आणि साल चामड्यासारखी होते.

पावाची परीक्षा सोपी. वाफवलेला पाव भांड्यातून काढल्यावर काही मिनिटंच चांगला राहतो, नंतर वरून चिकट आणि खालून ओला होतो. म्हणून पाव ऑर्डरनंतर निघतो की आधीच काढून ठेवलाय, ते पाहा. सगळ्यात हमखास वेळ म्हणजे जेवणाच्या गर्दीची पहिली लाट, साडेअकरा ते साडेबारा. त्या वेळी सगळा माल फिरता असतो.

नकाशावरचे तारे मोजू नका, तक्रारी वाचा. "बसायला जागा नाही", "केचप दिलं नाही", "काउंटरवाला खेकसला" या तक्रारी हॉट डॉगबद्दलच्या नाहीत, त्या खुशाल सोडा. "पाव थंड होता", "सॉसेज फुटलेलं होतं", "पाणचट लागलं" असं तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी अलीकडे लिहिलं असेल तर पुढे चला. फोटोंत मेन्यूचा फलक शोधा. वीस प्रकारचे 'स्पेशल' हॉट डॉग असलेल्या ठिकाणापेक्षा चार ओळींचा फलक बरा.

आता वाट.

शिकागोला किमान एक पूर्ण दिवस द्या. व्हिएन्ना बीफची सुरुवात १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात झाली, ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या दोघांनी. आजही शहरातल्या बहुतेक टपऱ्यांवर तोच फ्रँक असतो. "एव्हरीथिंग" म्हटलं की खसखस लावलेल्या वाफाळत्या पावात सॉसेज, पिवळी मोहरी, भडक हिरवं गोड रेलिश म्हणजे बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, लोणच्याच्या काकडीची उभी फाक, दोन-तीन स्पोर्ट पेपर म्हणजे व्हिनेगरमधल्या छोट्या मिरच्या आणि वरून सेलरी सॉल्ट, म्हणजे सेलरीच्या बियांची पूड घातलेलं मीठ. यातलं सेलरी सॉल्ट विसरणाऱ्या दुकानाकडे संशयानं पाहा. ते नसलं तर रेलिशचा गोडवा आणि लोणच्याचा आंबटपणा एकमेकांपासून सुटे लागतात. केचप मागू नका म्हणतात त्यात शिष्टपणा आहेच, पण कारणही आहे. रेलिश आणि टोमॅटोमुळे गोड आधीच पुरेसं असतं. केचपची साखर वर आली की मोहरी आणि मिरची दबते.

ओहेर विमानतळाजवळ रिव्हर ग्रोव्हला 'जीन अँड ज्यूड्स' आहे. तिथला प्रकार वेगळा, जुन्या मंदीच्या काळातला: मोहरी, कांदा, रेलिश, मिरच्या आणि वर ताज्या कापलेल्या बटाट्याच्या फ्राइजचा ढीग, सगळं एकाच कागदात गुंडाळलेलं. टोमॅटो नाही, बसायला खुर्ची नाही, केचप तर फ्राइजसाठीसुद्धा नाही. हा कागद गाडीत दहा मिनिटं ठेवलात तर फ्राइजची वाफ पावात उतरून लगदा होतो. तिथेच उभ्यानं खा. १९४८ पासूनचं 'सुपरडॉग' हे कारखान्याच्या नियमाला अपवाद. त्यांचं सॉसेज स्वतःच्या कृतीचं, जाडसर, आणि काकडीबरोबर हिरव्या टोमॅटोचं लोणचं. पहिल्याच फेरीत तिथे जाऊ नका, आधी नेहमीचा प्रकार खाल्ला की फरक कळतो. मॅक्सवेल स्ट्रीट पोलिश हे हॉट डॉगचं भावंड: जाड पोलिश सॉसेज, मोहरी आणि तव्यावर तपकिरी होईपर्यंत परतलेला भरपूर कांदा. 'जिम्स ओरिजिनल' १९३९ पासून तेच विकतं.

गोमांस न खाणाऱ्यासाठी शिकागोचं उत्तर नाराज करणारं आहे. प्रमाण शिकागो हॉट डॉग पूर्ण गोमांसाचा, पोलिशमध्येही बहुधा गोमांस असतंच. त्याला जिम्समध्ये पोर्क चॉप सँडविच घेऊन द्या. त्यात हाड असतं, बेसावध चावू नका. आईंसाठी 'पोर्टिलोज'नं २०२२ मध्ये वनस्पतिजन्य हॉट डॉग आणला होता. निघण्याआधी त्या शाखेच्या मेन्यूवर तो आहे का ते बघून घ्या आणि शेगडी वेगळी आहे का ते विचारा. टपऱ्यांवर मिळणारा टमाले मक्याच्या पिठाचा असतो म्हणून शाकाहारी समजून देऊ नका, आत बहुधा गोमांस असतं. फ्राइजसुद्धा काही ठिकाणी गोमांसाच्या चरबीत तळतात. "बीफ टॅलो की व्हेजिटेबल ऑइल?" एवढं विचारलं तरी पुरतं.

शिकागो ते डेट्रॉइट साधारण ४५० किलोमीटर, पाच तास धरा. डेट्रॉइटच्या मध्यात लाफायेट कोनी आयलंड आणि अमेरिकन कोनी आयलंड ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, ग्रीसहून आलेल्या केरोस भावांनी सुरू केलेली. अमेरिकन १९१७ चं. कोनी म्हणजे तव्यावर भाजलेलं, नैसर्गिक आवरणाचं सॉसेज, त्यावर चिली, म्हणजे घेवड्याशिवायचा, मांसाचा पातळ मसालेदार सॉस, मोहरी आणि कच्चा कांदा. दोन्हीकडे एकेक घेऊन पाहणं हाच खरा कार्यक्रम, आणि त्याला अर्धा तास पुरतो. एक सूचना: चिली पातळ असल्यामुळे पाव पाच मिनिटांत भिजतो. पार्सल घेऊ नका. रोख पैसे जवळ ठेवा.

वेळ असेल तर उत्तरेला ११० किलोमीटरवर फ्लिंट. डेट्रॉइटची चिली पातळ, तर फ्लिंटचा थर कोरडा आणि मोकळा, खिम्यासारखा. त्यात बारीक केलेलं गाईचं हृदय असतं. सॉसेज कोगल्सचं, वरचा थर अ‍ॅबट्सचा, ही जोडी ज्या दुकानात असेल तिथे जा. दुकानाचं नाव तितकंसं महत्त्वाचं नाही. माझ्या मते या अख्ख्या वाटेवर सर्वात कमी लेखला गेलेला हॉट डॉग हाच. थर कोरडा असल्यामुळे पाव शाबूत राहतो आणि सॉसेजचा टच्च ऐकू येतो.

डेट्रॉइट परिसरात 'कोनी आयलंड' नावाची ग्रीक मंडळींची साधी हॉटेलं गल्लोगल्ली आहेत. आईंसाठी ही मोठी सोय. पालक-चीजचा स्पॅनाकोपिटा, ग्रीक सॅलड, तव्यावर पेटवून देतात ते सगानाकी चीज, सगळं मिळतं. फक्त लेमन राइस सूप टाळा, ते कोंबडीच्या पाण्यात केलेलं असतं.

इथून बफेलोला निघताना सावध. गाडीतला नकाशा सर्वात जवळचा रस्ता म्हणून पुलावरून सरळ कॅनडात घालतो, ऑंटारियोतून. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो, शिवाय अमेरिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीचाही घोळ होऊ शकतो. ग्रीन कार्डवाल्यांची गोष्ट वेगळी. व्हिसा नसेल तर टोलेडो आणि क्लीव्हलँडवरून जा, ५८० किलोमीटर पडतात. नकाशात टोलेडो हा मधला थांबा आधीच घालून ठेवा, म्हणजे तो पुन्हा पुलाकडे वळवणार नाही.

टोलेडोला 'टोनी पॅकोज' आहे, १९३२ चं, हंगेरियन वस्तीतलं. तिथे जाड हंगेरियन सॉसेज उभं अर्धं कापून पावात देतात आणि वर चिली. मसाला बाकी ठिकाणांपेक्षा तिखट, आपल्या जिभेला बरा. भिंतीवर नामवंतांच्या सह्या केलेले पाव आहेत, ते पाहण्यात वेळ जातो. क्लीव्हलँडचा 'पोलिश बॉय' (सॉसेज, फ्राइज, कोबीचं सॅलड, बार्बेक्यू सॉस, सगळं एका पावात) मजेशीर आहे, पण एवढ्या गोड सॉसखाली सॉसेज कुठलं ते कळत नाही. भूक असेल तरच.

बफेलोचा प्रकार कोळशाचा. साहलेन्स कारखाना १८६९ पासूनचा, आणि 'टेड्स' हे तिथलं सर्वात माहितीचं दुकान. १९२७ मध्ये एका ग्रीक माणसानं घोडागाडीवर सुरू केलेलं. लाकडी कोळशाच्या खऱ्या निखाऱ्यावर सॉसेज टाकतात आणि भाजणारा काट्यानं टोचत, चिरे पाडत राहतो. एरवी टोचणं म्हणजे रस घालवणं, पण इथे गळलेली चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो तोच मसाला. चिऱ्यांच्या कडा करपून कुरकुरीत होतात. "वेल डन" मागा, नाहीतर कोळशाचा गुण अर्धाच मिळतो. बरोबर त्यांचा तिखट-गोड हॉट सॉस आणि लोगनबेरीचं लाल सरबत. रांगेत सॉसेज भाजून झाल्यावर पुढच्या काउंटरवर वरचं काय हवं ते विचारतात. तिथे घुटमळलं की मागचे लोक कुरकुरतात, आधीच ठरवून ठेवा.

रॉचेस्टर पुढे १२० किलोमीटर. इथे 'रेड हॉट' की 'व्हाइट हॉट' असं विचारतील, व्हाइट म्हणा. हे डुक्कर, गाय आणि वासराच्या मांसाचं पांढरं सॉसेज. मांसाचा गुलाबी रंग टिकवणारं नायट्राइट हे क्षार यात नाही म्हणून गुलाबी रंग नाही, धूरही दिलेला नाही. चव सौम्य, पोत हलका. त्यामुळे तो तव्यावर चांगला तपकिरी, साल तडकेपर्यंत भाजलेला हवा. फिकट दिला तर परत भाजायला सांगा, इथे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. निक टाहूच्या दुकानातून निघालेली 'गार्बेज प्लेट', म्हणजे बटाटे आणि मॅकरोनी सॅलडवर दोन हॉट, मांसाचा सॉस, मोहरी, कांदा, ही तिघांत एक पुरते. गावात तिच्या शाकाहारी आवृत्त्याही मिळतात. सॉस वेगळा आहे ना, ते विचारून घ्या.

इथून न्यू जर्सी सुमारे ५०० किलोमीटर. क्लिफ्टनचं 'रट्स हट' १९२८ पासून हॉट डॉग तळतंय. गाय आणि डुक्कर मिसळलेलं थूमन्सचं सॉसेज गरम तेलात सोडलं की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट हवी असते, साल उभी फाटते. म्हणून त्याचं नाव 'रिपर'. साल फाटण्याआधी काढलेला तो 'इन अँड आउटर', जास्त तळलेला 'वेलर', काळा पडेपर्यंत ठेवलेला 'क्रिमेटर'. पहिल्यांदा रिपरच घ्या. फाटलेल्या कडा कुरकुरीत आणि आतला भाग रसाळ, हा समतोल त्याच टप्प्यावर असतो. पाव साधा, न भाजलेला. त्यावर त्यांचं पिवळं रेलिश घ्याच. मोहरी, कोबी, गाजर, कांद्याचं आंबट-गोड मिश्रण तेलकटपणा कापतं.

नेवार्कचा 'इटालियन हॉट डॉग' १९३२ पासून 'जिमी बफ्स'च्या नावानं ओळखला जातो. गोल पिझ्झा ब्रेडच्या खिशात तळलेले बटाटे, ढोबळी मिरची, कांदा आणि सॉसेज. गोमांस न खाणाऱ्याची इथे सोय होते. त्याच ब्रेडमध्ये, त्याच बटाट्यांबरोबर डुकराच्या मांसाचं इटालियन सॉसेज मागता येतं, बडीशेपेच्या वासाचं. तळणीचं तेल मात्र एकच. तेवढं चालत असेल तर त्याच्यासाठी या अख्ख्या वाटेवरचा सर्वात चांगला थांबा हाच. त्याच कारणानं आईंना इथले नुसते बटाटे-मिरचीही देऊ नका.

कोंबडी किंवा टर्कीचं सॉसेज दिसलं म्हणून गोमांसाचा प्रश्न सुटला असं धरू नका. आवरण गाईच्या कातडीपासून केलेल्या कोलॅजनचं असू शकतं. पाकिटावर आवरण वेगळ्या प्राण्याचं असल्यास तसं लिहिलेलं असतं, दुकानात पाकीट दाखवायला सांगा. 'कोशर' किंवा 'हलाल' म्हणजे डुक्कर नाही एवढंच. न्यूयॉर्कमध्ये या दोन्ही पाट्यांखाली बहुधा गोमांसच असतं.

न्यूयॉर्क शहरात गेलात तर छत्रीखालच्या गाडीपेक्षा तव्यावर भाजणारं ठिकाण निवडा. ब्रॉडवे आणि ७२व्या रस्त्यावरचं 'ग्रेज पपाया' १९७३ पासून आहे. नैसर्गिक आवरणाचा पातळ फ्रँक, भाजलेला पाव, सॉवरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, नाहीतर टोमॅटोत शिजवलेला कांदा. कोनी आयलंडचं 'नेथन्स' १९१६ चं. समुद्र पाहायला जाणार असाल तर मूळ जागेवर खा, इतर शाखांसाठी मुद्दाम जाऊ नका. गाडीवर घ्यायचाच असेल तर आधी भाव विचारा. पर्यटकांच्या चौकांत तो चेहरा पाहून ठरतो.

तब्येतीचंही दोन ओळींत. एका साध्या फ्रँकमध्येच ४०० ते ५५० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि दिवसाची मर्यादा २००० धरतात. रक्तदाबवाल्यांनी लोणचं, चिली आणि सेलरी सॉल्ट यांपैकी एकच घ्यावं. गरोदर बाईनं लिस्टेरिया या जिवाणूच्या धोक्यामुळे वाफाळता, आतून ७४ अंशांपर्यंत तापलेलाच हॉट डॉग खावा, कोमट अजिबात नाही.

फ्लिंट, बफेलो आणि रॉचेस्टरच्या सुपरमार्केटांत तिथल्या कारखान्यांची पाकिटं मिळतात. न्यू जर्सीच्या घरी न्यायची असतील तर बर्फाच्या पेटीत ५ अंशांखाली ठेवा. जूनच्या उन्हात, ३२ अंशांवर, बाहेर एक तासाच्या वर राहू देऊ नका. उघडलेलं पाकीट फ्रिजमध्ये आठवडाभर, न उघडलेलं दोन आठवडे. गरम करताना पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा, दोन मिनिटांनी सॉसेज सोडून झाकण ठेवा. सहा-सात मिनिटांनी काढून कोरडं पुसा आणि बिडाच्या तव्यावर थेंबभर तेलात फिरवत दोन मिनिटं भाजा. पुसायला विसरलात तर साल भाजली न जाता वाफेनं मऊ पडते.